दोन सुयांमधलं अंतर

थर्मोकोलचा डबा पोरीच्या मांडीवर आहे आणि तिचे दोन्ही हात झाकणावर. मृग लागून आठवडा होत आला तरी ढगाचा पत्ता नाही. पंखा गरम हवाच इकडची तिकडे करतो आहे. खालून नागपूरजवळच्या हिंगण्याच्या मुख्य रस्त्यानं ट्रक जातात, प्रत्येक ट्रकागणिक खिडकीची काच थरथरते आणि पहिल्या मजल्यावरच्या या त्वचारोगाच्या दवाखान्यात धुळीचा नवा थर येऊन बसतो. डॉक्टरांच्या परवानगीनं मी कंपाउंडरच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलो आहे. बाकावरच्या सगळ्यांचे डोळे डब्यावर आहेत.

"आइसक्रीम होय का व पोरी?" पलीकडची म्हातारी विचारते.

"नाही आजी, सुई आहे."

"एवढ्या डब्यात?"

"थंड ठेवावी लागते."

म्हातारीला पटत नाही. सुई म्हणजे कंपाउंडरनं काचेची कुपी फोडावी, टोचावी, कापसाचा बोळा दाबायला लावावा आणि पुढच्याला हाक मारावी. बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसून येणारी सुई तिच्या हिशेबात नाही.

पोरीचा बाप एमआयडीसीत कायम कामगार आहे, आज सुट्टी टाकून आला आहे. "बर्डीवरून आणली न जी," तो मला सांगतो. "मेट्रोत बरं असते, थंड. लोकमान्य नगरले उतरलो का ऑटोत जीव वरखाली." मेट्रो अजून हिंगण्यापर्यंत आलेली नाही, त्यामुळे शेवटचा उन्हाचा टप्पा ऑटोनं. बर्फ सुईला थेट टेकला तर औषध गोठून वाया जाणार आणि बर्फ वितळला तर तापून. म्हणून मध्ये टॉवेलची घडी. औषधासोबतच्या कागदावर लिहिलंय की फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा. बाहेर काढलीच तर २५ अंशांच्या आत, तीही चौदा दिवसांहून जास्त नाही. हा कागद ज्या कुणी लिहिला त्याच्या गावी खोल्या २५ अंशांच्या असतील. हिंगण्यात जूनमध्ये तेवढं तापमान एटीएमच्या काचेमागंच सापडतं.

औषधाचं नाव डुपिलुमॅब. अमेरिकेत मोठ्यांच्या मध्यम ते तीव्र इसबासाठी त्याला २८ मार्च २०१७ रोजी परवानगी मिळाली, भारतात त्यानंतर काही वर्षांनी आलं. पोरीला लहानपणापासून इसब. कोपराच्या लवणीत, गुडघ्यांच्या मागे, मानेला. कडुलिंबाचं पाणी झालं, वांगं आणि आंबट बंद करून झालं, डझनावारी मलमं झाली, गोळ्या झाल्या. बारावीच्या परीक्षेला तिनं हातमोजे घालून पेपर लिहिल्याचं बाप सांगतो तेव्हा ती त्याच्याकडे डोळे वटारून बघते. सुई सुरू झाली त्याला दीड वर्ष झालं. पहिल्या दिवशी ३००-३०० मिलिग्रॅमच्या दोन, नंतर दर पंधरा दिवसांनी एक. आता तिच्या हातावर नुसते फिकट डाग उरले आहेत. डॉक्टरांनी मधलं अंतर तीन आठवड्यांवर नेलं होतं, आता चारवर नेता येतं का ते बघायचं आहे. आज टोचायची की घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवायची, याचा फैसला आतल्या खोलीत होणार. डबा म्हणूनच सोबत.

"सहावर जाते का विचार," बाप हळूच म्हणतो. दोन सुया म्हणजे त्याच्या महिन्याच्या पगाराच्याही वर. विमेवाले म्हणतात, भरती झालात तर बघू. इसबासाठी भरती कोण होतं?

"मला दोनच पाहिजे," ती म्हणते. "पुन्हा सुरू झालं तर?"

जिन्यावर चपलांचा आवाज होतो. एक साठीचा माणूस पोराच्या खांद्यावर हात ठेवून वर येतो, दम लागलेला. डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळलेला आहे. या उन्हात नागपुरात सगळेच गुंडाळतात, पण खोलीत आल्यावर सगळे काढतात. हा काढत नाही. पोरगा काढायला लावतो तेव्हा कारण कळतं. चेहरा गोल, फुगलेला, लाल. पापण्यांची कातडी इतकी जाडावलेली की डोळे अर्धेच उघडतात. मान काळपट, राठ, रेघा पडलेली. आणि एवढ्या भरलेल्या चेहऱ्याखाली हात-पाय मात्र काटकुळे.

"शेती?" मी पोराला विचारतो.

"हो न जी. चार एकर. पऱ्हाटी अन् तूर. धुऱ्यावरचं काँग्रेस काढाले गेले, अन् हे झालं."

काँग्रेस म्हणजे गाजरगवत. पार्थेनियम. पुण्यात ते पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि तिथून देशभर धुरे, पडीक जमिनी, रेल्वेच्या कडा सगळं व्यापून बसलं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची ज्याला ॲलर्जी जडली, त्याला गवत उपटायचीही गरज राहत नाही. वाळक्या गवताची धूळ वाऱ्यानं पापण्यांवर, मानेवर, कानामागं बसली तरी पुरते. या इसबावर लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी १९७४ साली लिहिलं. पन्नास वर्षांनंतरही शेतकरी ते उघड्या हातानंच उपटतो, कारण पेरणीआधी धुरा साफ करायचा असतो आणि मजूर मिळत नाही.

बाबा बाकावर टेकतात. त्यांचीही नजर डब्यावर जाते.

"माही बी सुई हाय," ते पोरीला सांगतात. "दर महिन्याले. आमच्या गावचे डाक्टर देत. सा वर्सं झाले. सुई पडली का तिसऱ्या दिशी आंग साफ. मंग पंचवीस दिस कामाले लागाचं."

"आता?"

"ते पोराकडे पुण्याले गेले. दवाखाना बंद. दीड महिना झाला सुई नाई." ते सदऱ्याची बाही वर करतात. "पाय न."

दंडावर, जिथं सुई टोचली जायची तिथं, एक खळगा आहे. रुपया मावेल एवढा. चरबी विरघळून गेलेली, कातडी पातळ, आतली निळी शीर दिसते. कंपाउंडर वाकून बघतो आणि काही न बोलता बाबांचा नंबर पोरीच्या आधी लावतो. पोरगी मान हलवते.

आतल्या खोलीत बाबांच्या पोरानं पिशवीतून जुन्या खोक्यांचा गठ्ठा काढला आहे. डॉक्टर त्यातलं एक उलटं करून वाचतात. ट्रायमसिनोलोन, ४० मिलिग्रॅम. स्नायूत साठून राहणारं आणि हळूहळू झिरपणारं स्टेरॉइड. विदर्भातल्या खेड्यांत खाजेची सुई, दम्याची सुई, गुडघ्याची सुई म्हणून जे टोचलं जातं ते बहुतेक वेळा हेच किंवा याचं भावंड. स्टेरॉइड वाईट, असं मला इथं म्हणायचं नाही. १९४८ साली हेंच आणि केंडल यांनी अंथरुणाला खिळलेल्या संधिवाताच्या बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालू लागली, १९५० साली रायश्टाइन यांच्यासह दोघांना नोबेल मिळालं, हे सगळं खरंच आहे. बाबांचं अंगही तिसऱ्या दिवशी खरंच साफ होत होतं. गावच्या डॉक्टरनं त्यांना फसवलं असंही मला वाटत नाही. त्यानं त्यांना कामावर जाऊ दिलं. फक्त थांबायचं कुठं हे त्या सुईत नव्हतं.

डॉक्टर रक्तदाब आधी झोपवून घेतात, मग उभं करून. उभं केल्यावर बाबा टेबलाची कड धरतात.

"चक्कर?"

"सकाळी जास्त. उलटी झाल्यावानी वाटते. जेवण जात नाई. तरी तोंड फुगूनच हाय."

डॉक्टर पोटावरचा सदरा वर करतात. बेंबीच्या दोन्ही बाजूंना जांभळे पट्टे. ते साखर, क्षार, छातीचा एक्स-रे, रक्ताची मोजणी, यकृताची तपासणी लिहितात आणि एक चाचणी वेगळ्या ओळीवर. सकाळी आठचं कॉर्टिसॉल. आठलाच, दहाला नाही, असं पोराला दोनदा बजावतात, कारण शरीरातलं हे द्रव्य पहाटे चढतं आणि दिवसभर उतरत जातं. पण गोळीसाठी ते चाचणीच्या निकालाची वाट बघत नाहीत. उद्या आठला रक्त दिलं की तिथंच पहिली गोळी घ्यायची, आणि रात्रीत उलटी झाली किंवा ग्लानी आली तर सरळ मोठ्या दवाखान्यात, असा हुकूम.

मग ते खुर्ची पुढे ओढतात. बाबांना शेतातलीच गोष्ट सांगतात. "बाबा, घरी विहीर आहे तुमच्या?"

"हाय न."

"समजा सहा वर्षं दर महिन्याला फुकटचा टँकर आला. विहिरीकडे कोण बघेल? गाळ साचतो. मग एक दिवस टँकर बंद. तर विहिरीला लगेच पाणी येतं का?"

"कुठून येईन? गाळ काढा लागते."

"तुमच्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या गाठी आहेत. त्या याच जातीचं औषध रोज, थोडं थोडं, घरच्या घरी बनवतात. सहा वर्षं त्यांना काम नव्हतं."

या सुईच्या माहितीपत्रकात एक वाक्य आहे जे मला प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर लावलेलं बघायला आवडेल. ६० ते १०० मिलिग्रॅमच्या एकाच सुईनंतर या ग्रंथी २४ ते ४८ तासांत दबतात आणि पूर्वपदावर यायला साधारण ३० ते ४० दिवस लागतात. बाबांच्या सुईची मात्रा कमी होती, पण ती दर महिन्याला होती. ग्रंथी डोळे किलकिले करेपर्यंत पुढची सुई. सहा वर्षं.

म्हणून डॉक्टर आज सुई देत नाहीत, आणि स्टेरॉइड बंदही करत नाहीत. त्याच जातीचं औषध गोळीच्या रूपात सुरू करतात, प्रेडनिसोलोन, रोज सकाळी जेवून. साठून राहणारी सुई एकदा टोचली की तिच्यावर कुणाचा ताबा नाही, गोळी मात्र मिलिग्रॅमच्या हिशेबानं खाली आणता येते. वीसपासून दहापर्यंत भराभर, दहाच्या खाली सावकाश, आणि पाचाच्या खाली, जिथं शरीर स्वतः रोज बनवतं तेवढीच मात्रा उरते, तिथं मुंगीच्या पावलानं. महिने लागतील. त्या काळात इसब उसळू नये म्हणून तपासण्या नीट आल्या की दुसरं औषध जोडायचं, मेथोट्रेक्सेट.

"ही गोळी आठवड्यातून एकदाच. रोज नाही. रोज घेतली तर जिवावर बेतेल. तुमच्या गावचा बाजार कोणत्या दिवशी?"

"सोमवार."

"मग बाजाराची गोळी. सोमवारीच."

डॉक्टर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'सोमवार' लिहून खाली दोन रेघा मारतात. पोरगा मोबाइलमध्ये चिठ्ठीचा फोटो घेतो. मग डॉक्टर एक जाड कागद कापून त्यावर लिहितात की हा रुग्ण दीर्घकाळ स्टेरॉइडवर आहे, ताप, अपघात किंवा ऑपरेशनच्या वेळी मात्रा वाढवावी लागेल, अचानक थांबवू नये. "हा खिशात राहू द्या. धुवायला टाकायच्या आधी काढून घ्या." बाबांना कागद कुठल्या खिशात हा प्रश्न पडला आहे. सदऱ्याला एकच खिसा, त्यात तंबाखूची डबी.

"बाहेर बसा. सलाइन लावायला सांगतो, मग घरी."

बाबा पडद्यामागच्या खाटेवर जातात आणि पोरगी डबा घेऊन आत येते. बाप मागोमाग.

तिची तपासणी वेगळ्या गतीनं चालते. डोकं-मान, हात, धड, पाय, अशा चार भागांत डॉक्टर लाली, जाडी, ओरखडे आणि कातडीवरच्या रेघा बघून आकडे मांडतात. सगळं अंग पेटलेलं असेल तर हा आकडा ७२ पर्यंत जातो. सुई सुरू झाली तेव्हा तिचा ३१ होता, फाइलवर लिहिलेलं आहे. आज ३.

"खाज? दहापैकी."

"दोन. रात्री मान थोडी."

"झोप मोडली?"

"एकदा. पण लाइट गेली होती."

डॉक्टर हसतात. डोळ्यांची खालची पापणी ओढून बघतात. या औषधानं काहींचे डोळे लाल होतात, तिचे हिवाळ्यात झाले होते, थेंबांवर भागलं. आता स्वच्छ आहेत. रक्ताच्या तपासण्यांची फाइल तिच्याकडे जवळजवळ नाहीच. या औषधाला त्या नियमानं लागत नाहीत. ते स्टेरॉइड नाही. इंटरल्यूकिन ४ आणि १३ हे दोन रासायनिक निरोप पेशीच्या ज्या दारातून आत शिरून खाज आणि सूज पेटवतात, तिथं ते अडून बसतं. त्या दोन ग्रंथींशी त्याचा संबंध नाही. म्हणून ते अचानक थांबवलं तरी बाबांसारखी टेबलाची कड धरायची वेळ येत नाही. येऊ शकतो तो तिचा इसब, तोही काही आठवडे-महिन्यांनी.

"मग सहा आठवडे करू न डाक्टरसाहेब," बाप लगेच म्हणतो.

डॉक्टर कागद पुढे घेतात आणि मलाही जवळ बोलावतात. २०२० साली 'जामा डर्मटॉलॉजी'त छापून आलेल्या एका चाचणीचे आकडे ते लिहून दाखवतात. सोळा आठवड्यांत चांगले सुधारलेले ४२२ रुग्ण. पुढचे ३६ आठवडे काहींना आधीसारखंच, दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला, काहींना चार आठवड्यांनी, काहींना आठ आठवड्यांनी, काहींना नुसतं पाणी. मिळालेली सुधारणा शेवटपर्यंत टिकली ती पहिल्या गटात ७१.६ टक्क्यांची, चार आठवडेवाल्यांत ५८.३, आठवाल्यांत ५४.९ आणि पाणीवाल्यांत ३०.४.

"म्हणजे आठ अन् चारात फार फरक नाई," बाप बरोबर तेवढंच उचलतो.

"थांबा. अंतर वाढलं की शरीर या औषधाला परकं समजून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवण्याची शक्यताही वाढते. दर आठवड्यावाल्यांत १.२ टक्के, पंधरवड्यावाल्यांत ४.३, चारवाल्यांत ६, आठवाल्यांत ११.७. आणि ही माणसं जेमतेम चार महिने औषधावर होती. नेदरलँड्समध्ये वेगळं केलं. आधी निदान वर्षभर पूर्ण मात्रा, त्यातले सहा महिने आकडा सातच्या आत राहिला पाहिजे, मगच चार आठवडे, मग सहा ते आठ. त्यातल्या बऱ्याच जणांचं टिकलं."

"माझा टिकेल?" पोरगी विचारते.

"ते मला तुझी कातडी सांगेल. तुझ्या वडिलांचा पगार नाही आणि तुझी भीतीही नाही."

ऐकायला हे चांगलं वाटतं, पण मी ज्या खोलीत बसलो आहे तिथं ते पूर्ण खरं नाही, आणि डॉक्टरांनाही ते ठाऊक आहे. युरोपात सरकार किंवा विमा पैसे भरतो तिथं अंतर वाढवणं हा शास्त्राचा प्रयोग आहे. हिंगण्यात तो बापाच्या पगाराच्या तारखेशी बांधलेला आहे. तरी मला डॉक्टरांचं मोल वाटतं ते यासाठी की पैसे संपले म्हणून अंतर वाढवणारे रुग्ण एरवी न सांगताच वाढवतात, आणि मग पुन्हा उसळल्यावर 'औषध लागू पडत नाही' म्हणतात. इथं निदान ते मोजून, लिहून, परतीचा रस्ता ठेवून होतं आहे. चार आठवडे. मधल्या काळात मॉइश्चरायझर रोज दोनदा, चुकवायचं नाही. खाज चारच्या वर गेली किंवा सलग तीन रात्री झोप मोडली, तर फोन करायचा आणि तीनवर परत यायचं. ती हार नव्हे, हे डॉक्टर पोरीकडे बघून म्हणतात. सहाचं नंतर बघू, हे बापाकडे बघून.

"आज टोचू? चार आठवडे व्हायला तीनच दिवस कमी आहेत."

"आज. घरी पुन्हा नेत नाही," ती ठामपणे म्हणते.

सुई डब्यातून बाहेर येते आणि टेबलावर ठेवली जाते. पंचेचाळीस मिनिटं तशीच राहू द्यायची, आपोआप कोमट होऊ द्यायची, गरम पाण्यात धरायची नाही, उन्हात ठेवायची नाही. थंड टोचली तर जास्त दुखतं. बापाला वाटतं या हवेत दहा मिनिटं पुरतील. पोरगी मोबाइलवर पंचेचाळीसच लावते. तेवढ्यात डॉक्टर तीन रुग्ण बघतात, त्यातला एक पावडर कोटिंगच्या कारखान्यातला पोरगा, हाताच्या भेगांतून रक्त. त्याच्या खिशात चार औषधांचं मिश्रण असलेली मलमाची ट्यूब आहे, मेडिकलवाल्यानं दिलेली. २०१८ साली सरकारनं चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. डॉक्टर ट्यूब न बोलता कचऱ्याच्या डब्यात टाकतात.

अलार्म वाजतो. पोरगी पडद्याच्या अलीकडे पाठमोरी बसते, बेंबीपासून दोन इंच सोडून पोटाची घडी चिमटीत धरते. मागच्या वेळी डावी बाजू होती, आज उजवी. दट्ट्या सावकाश दाबते, ओठ मिटलेले. दोन मिलिलिटर. बाप भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभा आहे, आणि बोटानं चार आठवडे मोजून आषाढातल्या एका तारखेवर थांबतो.

पडद्यामागून सलाइनच्या बाटलीखालून बाबा सगळं ऐकत होते. आता ते डॉक्टरांना हाक मारतात.

"डाक्टरसाहेब, ते थंडी सुई मले नाई जमणार का जी?"

बाप त्यांना किंमत सांगतो. बाबा एक आकडा पुन्हा विचारतात, मग हसतात. "एवढ्यात जोडी येते बैलाची."

"तुमचा इसब वेगळा आहे बाबा," डॉक्टर म्हणतात. "तुमचं औषध आधी काँग्रेस सोडणं. धुऱ्यावर पोराला पाठवा, तोही पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालून. फुलावर यायच्या आत काढलं पाहिजे."

"अन् शेजाऱ्याच्या धुऱ्यावरचं?" पोरगा विचारतो. त्याला उत्तर मिळत नाही.

बाबा थोडा वेळ बाटलीतले थेंब बघतात. मग हलक्या आवाजात, सौदा करावा तसे, "बरं, गोळ्या उद्यापासून घेतोच. आज तेवढी एक मारून द्या न जुनी. शेवटची. परवा पेरणीचं बियाणं आणाचं हाय."

"नाही."

"मंग अर्धी?"

डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्या उशाशी बसतात. "अर्धी, मग पाव, मग त्याच्याही कमी, हेच तर करायचं आहे बाबा. पण गोळीनं." ते पोराला पाच मिलिग्रॅमची पट्टी दाखवतात आणि गोळीवरची मधली रेघ नखानं दाखवून ती कशी तोडायची ते सांगू लागतात. पोराची पहिली गोळी चुरा होते. दुसरी नीट तुटते. कंपाउंडर बाहेर म्हाताऱ्या आजीचं नाव घेऊन हाक मारतो आणि आजी उठता उठता पोरीला विचारते, "डबा आता रिकामाच हाय न? मले दे, लोणचं ठेवाले होईन."